वरच्या संघात सातवा की खालच्या संघात चौथा?

ऑगस्ट संपत आला की आमच्या मिसिसागा-ब्रॅम्प्टनच्या (कॅनडातल्या टोरंटोलगतच्या) बाजूला मोठ्यांच्या आइस हॉकी लीगमधले कर्णधार माणसं गोळा करायला लागतात. गेल्या आठवड्यात एका मित्राचा फोन आला. वरच्या डिव्हिजनमधला एक संघ त्याला सातवा डिफेन्समन (बचावपटू) म्हणून घ्यायला तयार आहे, म्हणजे नियमित सहांच्या मागचा राखीव. खालच्या डिव्हिजनमधला त्याचा जुना संघ म्हणतोय की राहा, तू आमच्या पहिल्या चारांत आहेस. "तू दोन्ही करून बसलायस, तूच सांग," म्हणाला. फोनवर मी काहीतरी अर्धवट बोललो. तेच आता जरा नीट सांगतो.

आधी माझी लायकी सांगितलेली बरी. मी पस्तिशीनंतर स्केटिंग शिकलो. स्टिक डाव्या हाताची, वेग बेताचा, आणि उलटं जाताना अचानक वळायची वेळ आली की अजूनही देव आठवतो. तुम्ही लहानपणापासून बर्फावर असाल तर माझं म्हणणं तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

वरच्या संघात मी एक मोसम सातवा होतो. सातवा म्हणजे आमच्याकडे व्हॉट्सॲपवरच्या 'स्पेअर्स' नावाच्या ग्रुपमधला पहिला. पूर्ण फी नाही. ज्या सामन्याला बोलावतील त्याचे पंचवीस डॉलर. पहिल्याच सामन्यात जोडीदाराने गोलच्या मागून मला पास दिला. साधाच पास, पण इतका कडक की माझ्या स्टिकवर आदळून पक, म्हणजे ती रबरी चकती, हातभर उडाला आणि समोरच्या फॉरवर्डच्या पुढ्यात पडला. पुढच्या तीन सेकंदांत गोल. बेंचवर कुणी चकार शब्द काढला नाही. शेजारचा एवढंच म्हणाला, "खालचा हात सैल सोड." तीन-चार सामन्यांत तो सैल सुटलाही. खालच्या संघात मी दोन वर्षं खेळलो होतो, पण हे तिथे कळायचं कारणच नव्हतं. तिथले पास एकतर पायात येतात नाहीतर पाठीमागे हातभर लांब. तिथे आपण पास घ्यायला नाही, पक शोधायला शिकतो.

वर खेळताना आणखी एक गोष्ट मिळाली. समोरचा फॉरवर्ड ब्लू लाइनकडे, म्हणजे आपल्या हद्दीच्या निळ्या रेषेकडे, येताना आपण किती अंतर राखून मागे सरकायचं, हे मला बेंचवर बसून समोरच्या दोघांचे पाय बघता बघता कळलं. बघून शिकणं हे सातव्याचं खरं वेतन. ते मी कमी लेखत नाही.

पण बघून शिकलेलं करून बघायला बर्फावर जावं लागतं, आणि घोडं तिथेच अडतं. खालच्या संघात आम्ही चार डिफेन्समन, दोन जोड्या. जवळजवळ अर्धा सामना बर्फावर. तिसऱ्या पिरियडमध्ये मांड्यांचं लाकूड होतं. पण चूक झाली तर दीड-दोन मिनिटांत पुन्हा तीच वेळ समोर येते आणि ती निस्तरता येते. सातव्याने गुरुवारी केलेली चूक तो पुढच्या बोलावण्यापर्यंत घरी बाळगतो. कधीकधी तीन-तीन आठवडे.

सगळ्यात वरच्या पातळीवर काय होतं ते टोरंटोत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. एनएचएल या व्यावसायिक लीगमधल्या आमच्या लीफ्सच्या यादीत २३ जण, कपडे चढवणारे २०, त्यात डिफेन्समन बहुधा सहा. सातवा सूट घालून वर प्रेस बॉक्समध्ये. त्याला तीन-चार किलोमीटरवर मार्लीजकडे, म्हणजे लीफ्सच्याच दुय्यम संघाकडे, रोज खेळायला पाठवायचं तर बहुधा आधी वेव्हर्सवर टाकावं लागतं, म्हणजे इतर संघांना खुला करावं लागतं, आणि चोवीस तासांत दुसऱ्या कुठल्याही संघाने उचललं की गेला. म्हणून पुष्कळदा त्याला नुसता बसवून ठेवतात. त्यात तो उजव्या हाताचा असेल तर आणखीच. उजव्या हाताचे डिफेन्समन मुळात कमी, त्यामुळे कोणी सहजासहजी सोडत नाही. माझ्यासारखे डावे पैशाला पासरी.

फ्रँक कोराडो आठवतो का? वुडब्रिजचा, म्हणजे आमच्या जवळचाच पोरगा. ऑक्टोबर २०१५ मध्ये लीफ्सने त्याला व्हँकुव्हरकडून वेव्हर्सवरून उचललं. आता घरच्या संघात खेळणार, म्हणून सगळे खूश. डिसेंबर उजाडला तरी त्याचा पहिला सामना व्हायचा होता. त्या मोसमात नंतर बऱ्यापैकी खेळला, पण पुढच्या मोसमात परत तेच, आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला पिट्सबर्गला रवानगी. आता तो टीव्हीवर हॉकीचं विश्लेषण करतो, आणि छान करतो. डोकं शाबूत होतं, नजर होती. त्याला सुरुवातीपासून लागोपाठ सामने मिळाले असते तर काय झालं असतं, हे मात्र कुणालाच सांगता येणार नाही.

माझ्या मित्राने फोनवर लगेच लीफ्सच्याच एका डिफेन्समनचं, जस्टिन हॉलचं नाव काढलं. "तो बसला होता ना वर्षभर? मग झाला की नियमित!" खरं आहे. २०१८-१९ मध्ये लीफ्सचा तेव्हाचा प्रशिक्षक माइक बॅबकॉकने त्याला ८२ पैकी ११ सामने खेळवलं. मोसमभर यादीत, आणि बहुतेक वेळ प्रेस बॉक्समध्ये. पुढच्या मोसमात तोच हॉल जेक मझिनच्या जोडीला उभा राहिला आणि ३१ डिसेंबर २०१९ ला त्याचा तीन वर्षांचा, वर्षाला २० लाख डॉलरचा नवा करार जाहीर झाला. सातव्या जागेची जाहिरात करायची तर याहून चांगला माणूस मिळणार नाही.

पण या गोष्टीचा मागचा भाग मित्र विसरतो. हॉल एनएचएलमध्ये पहिला सामना खेळला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याआधी तो ईसीएचएल या आणखी खालच्या लीगमध्ये इंडियानापोलिसकडून खेळून आला होता आणि मग मार्लीजकडे काही मोसम खेळला, मोठ्या जोडीत, जबाबदारीची मिनिटं. २०१८ मध्ये पहिल्या दोन एनएचएल सामन्यांत दोन गोल केले, परत खाली आला आणि मार्लीजसोबत त्यांच्या लीगचा कॅल्डर कप जिंकला. त्या मार्लीजचा प्रशिक्षक होता शेल्डन कीफ. नोव्हेंबर २०१९ मध्ये बॅबकॉकला काढून लीफ्सने त्याच कीफला वर आणलं. हॉल काय करू शकतो हे कीफला ठाऊक होतं, कारण त्याने त्याला खाली वर्षानुवर्षं खेळताना बघितलं होतं. प्रेस बॉक्समधल्या त्या वर्षाचा यात किती वाटा आणि खालच्या वर्षांचा किती, हे ज्याने त्याने ठरवावं. मी कुठल्या बाजूला आहे ते एव्हाना कळलं असेल.

तरी खरं सांगायचं तर माझा निर्णय हॉल-कोराडोमुळे झाला नाही. तो झाला जेवणामुळे.

वरच्या संघाचे सामने गुरुवारी रात्री सव्वादहाला. निरोप यायचा दुपारी चारपासून रात्री नऊपर्यंत कधीही. 'यू इन?' एवढाच. आता सव्वादहाला बर्फावर उतरायचं तर साडेसहाच्या आसपास थोडंसं खाऊन घ्यावं लागतं, त्यानंतर काही नाही. पण निरोप नाही आला तर साडेसहाला अर्धी पोळी खाऊन आपण नुसते बसलेलो. साडेआठपर्यंत पोटात कावळे. आणि साडेआठला पोटभर जेवलो की नेमका त्याच दिवशी फोन वाजतो. बायको सात वाजता विचारायची, "जेवणार आहेस का?" आणि मला उत्तर माहीत नसायचं. सप्टेंबर ते मार्च, दर गुरुवारी, स्वतःच्या घरात, जेवणार का या प्रश्नाला उत्तर नाही! त्या हिवाळ्यात आई सांगलीहून आली होती. तिने दोन-तीन गुरुवार हा तमाशा बघितला आणि म्हणाली, "गुरुवारच आहे ना, उपास धर. बोलावलं तर हॉकीचा, नाही बोलावलं तर दत्ताचा."

जानेवारीत एकदा साडेआठ होऊन गेले तरी फोन गप्प. मी खिचडी-कढीवर ताव मारला, वर तुपाची धार. आठ पन्नासला 'यू इन?' नाही म्हणायला हवं होतं. पण सातव्याची गोची अशी की दोनदा नाही म्हटलं की तो आठवा होतो. गेलो. तिथे कळलं की उजव्या बाजूचा एक आलेला नाही, म्हणजे मला माझ्या उलट्या बाजूला खेळायचंय. बोर्डाला घासत येणारा प्रत्येक पक बॅकहँडवर. दुसऱ्या पिरियडच्या मध्यावर एक लांबलेली शिफ्ट (बर्फावरची पाळी), फॉरवर्ड बदलायला गेलेले, पक आमच्याच कोपऱ्यात, आणि कढी वर यायच्या तयारीत. त्यात पोटाची लाज कशीबशी राखली, खेळाची काही राहिली नाही. गाडीत बसल्यावर बॅगेतल्या ओल्या पॅडांचा वास आणि ढेकर, दोन्ही एकदमच आले. हायवेवर चढेपर्यंत माझं ठरलं होतं.

एनएचएलमधल्या सातव्यालाही हा ताप असणार, पण त्याला सहसा सकाळच्या सरावातच अंदाज येतो. खेळणारे लवकर आत जातात, न खेळणारे मागे राहून जादा घाम गाळतात. शिवाय हॉल बसून होता त्या मोसमात तिथला किमान पगार साडेसहा लाख डॉलर होता. तेवढे मिळत असतील तर मीही आनंदाने अर्ध्या पोळीवर राहीन. इथे उपाशी राहून वर पंचवीस डॉलर आपणच द्यायचे.

खालच्या संघातली डोकेदुखी मी लपवत नाही. गोलकीपर कधीकधी येतच नाही. फॉरवर्ड परत मागे येणं हा ऐच्छिक विषय समजतात, त्यामुळे दोघांवर तिघे हे दर सामन्याचं चित्र. फी पूर्ण भरावी लागते, सामने सोडता येत नाहीत, घरात आजारपण असलं तरी चौथा डिफेन्समन नाही म्हणजे तिघांचे हाल, हे डोक्यात राहतं. आणि खेळ एका पातळीच्या वर जात नाही, हेही कबूल. मी वर जे शिकलो त्यातलं थोडं गंजलंय. खालचा हात पुन्हा घट्ट व्हायला लागलाय, असं मला स्वतःलाच जाणवतं.

म्हणून ज्याचं वय पंचविशीचं, घरी वाट बघणारं कुणी नाही आणि ज्याला खरोखरच पुढच्या वर्षी सहांत शिरायचंय, त्याने वर जावं, असं मी म्हणेन. फक्त जाण्याआधी कर्णधाराकडून एक गोष्ट वदवून घ्यावी: निरोप दुपारी बारापर्यंत, त्यानंतर आला आणि नाही म्हटलं तर ते नकारात धरायचं नाही. मला हे सुचलं तोवर मोसम संपला होता. बाकीच्यांनी, विशेषतः ज्यांना वर्षातून चाळीस तास बर्फावर मिळणंच मुश्किल, त्यांनी त्यातले तीस तास बेंचच्या दाराशी उभं राहून घालवावेत का, याचा विचार करावा. निर्णय अर्थात ज्याचा त्याचा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी होती. मित्राचा तो जुना, खालचा संघ म्हणजे आमचाच. सामने रविवारी रात्री पावणेनऊला असतात, मी साडेपाचला खाऊन घेतो. आणि या वर्षी आमच्या चारांत उजव्या हाताचा तो एकटाच आहे.