खामल्यातील मायलेकींचे पाळणाघर

माझी मुलगी नागपूरच्या खामला भागातील एका घरगुती पाळणाघरात जाते. काकूंनी ते आपल्या राहत्या घराच्या तळमजल्यावर सुरू केले आणि आता त्यांची मुलगीही त्यांच्यासोबत ते चालवते. वर्धा मार्गाने मिहान किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या आया वाटेतच मुलांना येथे सोडतात.

येथील दुपारची व्यवस्था फार चांगली आहे. मूल जेवेपर्यंत कोणीतरी शेजारी बसून असते, आणि ‘वरणभात संपवला, पोळी अर्धी’ अशी चिठ्ठी संध्याकाळी डब्यासोबत येते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतही, मुले शांत झोपतात, कारण कूलरच्या वाळ्याच्या ताट्या कधी कोरड्या पडू दिल्या जात नाहीत.

काकूंची मुलगी, म्हणजे आमच्या ताई, डी.एड. आहेत, पण शुल्क थकवणाऱ्या पालकांना न दुखावता कसे विचारावे आणि मुलाचे अंग कोमट लागताच घरी फोन कसा करावा, हे त्या आईच्या हाताखालीच शिकल्या. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या कॅथलीन मॅकगिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये २४ देशांतील माहितीच्या आधारे मांडले होते की, आई नोकरी करत असेल तर मुलगीही मोठेपणी नोकरीत असण्याची आणि देखरेखीच्या पदावर पोहोचण्याची शक्यता वाढते. माझी आई परिचारिका होती. तिच्या रात्रपाळ्या पाहत वाढल्यामुळे आपण नोकरी करावी की नाही, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही; मात्र तेव्हा मला सांभाळायला घरात आजी होती. आज आमच्याकडे ती जागा या पाळणाघराने भरून काढली आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती लाभ कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली, परंतु माझ्या कार्यालयासारख्या लहान ठिकाणी काम करणाऱ्या आयांना तिचा उपयोग नाही.

शुल्क परिसरातील इतर पाळणाघरांपेक्षा थोडे अधिक असले तरी ते मला रास्त वाटते. खरी अडचण वेळेची आहे. पाळणाघर संध्याकाळी साडेसहाला बंद होते आणि बुटीबोरीहून परतणाऱ्या आईला ती वेळ गाठणे कठीण जाते. काकूंनी आणखी एक तास वाढवावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. त्यासाठी वेगळे शुल्क द्यायला आम्ही बऱ्याच जणी तयार आहोत.