जुन्या मिक्सरचा पार्ट: नागपूरच्या बर्डी बाजारात शोधायचा, ऑनलाइन मागवायचा की भंगारात?

आईच्या काळातला सुमीत मिक्सर बंद पडला की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो टाका आता, दुसरा म्हणतो अशी मोटर आता मिळायची नाही. माझं मत दुसऱ्या तटाकडे झुकतं, पण दर वेळी नाही. पार्ट कुठून आणायचा, आणि आणायचा का, हे नेमकं काय गेलंय त्यावर ठरतं.

कपलर (मोटर आणि भांडं जोडणारी दातेरी चकती), कार्बन (मोटरला वीज पोहोचवणारे छोटे ठोकळे), जारचा बुश (पात्याच्या दांड्याभोवतीची नळी), गॅस्केट (झाकणाची रबरी कडी) या झिजणाऱ्या वस्तू. यांच्यासाठी बर्डी किंवा इतवारीतलं सुट्या भागांचं दुकान ऑनलाइनपेक्षा कधीही बरं. कारण साधं आहे: जुना तुकडा काउंटरवर ठेवून जोडीला जोड लावून पाहता येते. कार्बन किंचित जाड निघाला तर हुशार मेकॅनिक तो परत देत नाही. पॉलिश पेपरवर चार वेळा घासतो, खाचेत सोडून बघतो, स्प्रिंगच्या जोरावर अलगद सरकला की झालं. हे काम कुरिअरच्या खोक्यात येत नाही. ऑनलाइन 'सर्व मॉडेलला चालतो' असं लिहिलेल्या कपलरचे आटे, दातांची संख्या आणि उंची तिन्ही जुळली तरच पैसे टाका. आणि घरी कपलर काढणार असाल, तर बहुतेक मिक्सरमध्ये आटे उलटे असतात (नेहमीच्या उलट दिशेने फिरवल्यावर सैल होतात), उगाच जोर लावू नका.

सावजीचा सुका मसाला, खोबरं, दगडफूल वाटणाऱ्या घरांत कपलरचे दात लवकर जातात. त्यावर कुणी लोखंडी कपलर सुचवलाच तर नको म्हणा. मूळ कपलर मऊ ठेवलेला असतो तो उगाच नाही. भांडं अडकलं तर दात जावेत आणि मोटर वाचावी.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर कधी? ब्रँड अजून चालू असेल आणि मॉडेल फार जुनं नसेल तर आधी तिथंच विचारा, विशेषतः स्विच आणि ओव्हरलोडसाठी (जास्त भार आला की मोटर बंद करणारं बटण). मिक्सरखाली मॉडेल नंबरची पट्टी असते, तिचा फोटो काढून न्या. केंद्र सरकारचं राइट टू रिपेअर पोर्टल 24 डिसेंबर 2022 ला सुरू झालं. त्यात सहभागी कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका जागी मिळते. मात्र तीस वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा नॉब तिथून मिळेल अशी आशा ठेवू नये.

नॉब, जारचा तळ, बॉडीचं झाकण, असे जे भाग आता कुणी बनवतच नाही, त्यासाठी भंगार. त्याच मॉडेलचा दुसरा मेलेला मिक्सर हाच तुमचा साठा. नातेवाइकांच्या माळ्यावर आधी पाहा. तिथं नसेल तर भंगारवाल्याला सांगून ठेवा.

मोटर जळली तर हिशेब वेगळा. फील्ड कॉइल (मोटरमधली स्थिर गुंडाळी) रिवाइंड करून, म्हणजे नव्या तारेने गुंडाळून, घ्यायला हरकत नाही, पण तार तांब्याचीच हवी, ॲल्युमिनियमची नको, हे बिलावर लिहून घ्या. आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) जळलं असेल तर मी रिवाइंड करणार नाही. ते मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरतं, तोल जरा चुकला की थरथर सुरू, मग बुश जातो, मग कार्बन. भंगारातलं चांगलं आर्मेचर मिळालं तर ठीक, नाहीतर नवा मिक्सर घ्या.

मिक्सरसारखाच जुना विजेचा गोल ओव्हनही घरात असेल, तर त्यात सहसा एलिमेंटच (तापणारी तार) जातं. इथे ब्रँडचा आग्रह धरू नका, वॅटेज जुळवा. 230 व्होल्टवर 1000 वॅटचं एलिमेंट मल्टिमीटरवर साधारण 53 ओहम दाखवेल (थंड असताना थोडं कमी). दुकानदाराला समोरच मोजून दाखवायला सांगा. आतल्या जुन्या तारांवर पांढरं, भुसभुशीत वेष्टण दिसलं तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. फुंकू नका, खरवडू नका, असा ओव्हन सरळ बाद करा. असं वेष्टण नसेल तर तारा बदलताना ग्लास फायबरची स्लीव्ह (उष्णता सहन करणारी नळी) घाला. टू-पिन वायर असेल तर तीही काढून अर्थिंगची थ्री-पिन बसवून घ्या. ओव्हनची बॉडी धातूची असते, तेव्हा हे काम पार्टच्या आधी.