इक्रिसॅटचा गावांचा डेटा: लई कामाचा
शिवाजी विद्यापीठात इकॉनॉमिक्सच्या प्रोजेक्टसाठी इक्रिसॅटचा (कोरडवाहू शेतीवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) गावांचा डेटा वापरला आणि खरंच सांगतो, शेती आणि गरिबीवर काम करणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी तो उघडून बघायला पाहिजे. 1975 ला सहा गावांत ही माहिती गोळा करायला सुरुवात झाली, त्यात सोलापूरचं शिरापूर, अकोल्याचं कान्झरा पण आहे. प्रत्येक गावातली 40 घरं, त्यातली 10 भूमिहीन मजुरांची, बाकीची लहान, मध्यम, मोठ्या शेतकऱ्यांची, आणि माहिती घेणारी माणसं गावातच राहून त्याच घरांत परत परत जायची, म्हणून मजुरी, कर्ज, बैल, पीक सगळं वर्षानुवर्षं सलग दिसतं. एकदाच जाऊन फॉर्म भरून आणला की हे कळतच नाही. एका वर्षी बरं चाललेलं घर दुष्काळात खाली जातं, नंतर परत सावरतं, हे आकड्यांत बघताना माझ्या तर पोटात कालवलं. आपल्याकडं कोल्हापूरला राधानगरी धरणाचं पाणी आणि ऊस, तिकडं पावसाच्या भरवशावर ज्वारी, फरक लगेच जाणवतो. डेटा नेटवर फुकट मिळतो, फक्त त्यात माहितीसाठी वापरलेले कोड समजून घ्यायला आठवडाभर तरी द्या. आधी एकच गाव घ्या, मी शिरापूर घेतलं होतं.