हवामानाचं गणित: लायापुनोव्ह की टोपोलॉजी?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला लायापुनोव्ह घातांक घेऊ की टोपोलॉजी (आकारांचं गणित) असं भाची विचारतेय, तर दोन्ही हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झच्या 1963 च्या मॉडेलवरच लावून बघू, तीनच समीकरणं आहेत.

लायापुनोव्ह घातांक सांगतो की अगदी जवळच्या दोन सुरुवाती किती वेगाने फाकतात. समीकरणांतल्या नेहमीच्या 10, 28, 8/3 या पॅरामीटरला तो साधारण 0.9 येतो, म्हणजे बारीकशी चूक मॉडेलच्या वेळेच्या पाऊण एककात दुप्पट! अंदाज कुठवर टिकेल याचं थेट उत्तर मिळतं, कोडही छोटा. पण खऱ्या डेटात समीकरणं हातात नसतात आणि नॉइज (मोजमापातली खळबळ) असला की आकडा डळमळतो, हे मला फार खटकतं.

टोपोलॉजीतलं तंत्र म्हणजे पर्सिस्टंट होमोलॉजी. ती वेळ बघतच नाही, मॉडेलची एकेक स्थिती बिंदू म्हणून मांडली की त्या बिंदूंचा आकार बघते. लॉरेन्झच्या बिंदूंची आकृती फुलपाखरासारखी दिसते, तिला दोन भोकं, स्केल (किती अंतरापर्यंतचे बिंदू जोडायचे ते) वाढवत नेलं तरी बराच वेळ टिकतात, थोड्या नॉइजने पुसली जात नाहीत (आउटलायर, म्हणजे घोळक्यापासून फार लांबचे बिंदू, मात्र आधी काढायचे). मेमरी खाते पण, 10,000 बिंदू म्हणजे त्यांच्या जोड्यांमधली जवळपास 5 कोटी अंतरं.

अंदाज किती दिवस धरायचा हा प्रश्न असेल तर लायापुनोव्ह. मान्सूनचा जोर आणि खंड असे खरंच वेगळे कप्पे आहेत का हे शोधायचं तर टोपोलॉजी. एकच सेमिस्टर हातात असेल तर डोळे झाकून लायापुनोव्ह घे.