टूर की मुक्काम? माझं एका बंद दारापाशी ठरलं

दहा दिवसांत अकरा ठिकाणं दाखवणारी टूर घ्यावी, की तेवढ्याच दिवसांत दोन-तीन गावं निवडून तिथे कुणाच्या तरी घरी उतरावं? ओळखीतले बरेच जण मला हे विचारतात, कारण मी दोन्ही केलं आहे. टूर चार वेळा, घरगुती मुक्काम सहा-सात वेळा. कशात काय काय मिळतं हे माहितीपत्रकात असतंच, ते सोडून देतो. पुढचं सगळं एका माणसाच्या अनुभवावर बेतलेलं आहे, तेवढं धरून वाचा.

टूरला नावं ठेवायची हल्ली पद्धतच पडली आहे. ती मला पटत नाही. सोबत गुडघे दुखणारी माणसं असतील, तिकडच्या भाषेचा गंध नसेल, तर टूरसारखं सुख नाही. शिवाय काही जागी गटानं, वाटाड्याबरोबर जाणंच योग्य असतं. इक्वेडोरच्या गालापागोस बेटांवरच्या राष्ट्रीय उद्यानात बहुतेक ठिकाणी परवानाधारक मार्गदर्शक लागतो. रवांडात डोंगरी गोरिलांच्या एका कळपाजवळ दिवसाला जास्तीत जास्त ८ पर्यटक सोडतात, तेही तासाभरासाठी. आपली साधी सर्दीसुद्धा त्या प्राण्यांच्या जिवावर बेतू शकते, म्हणून ही शिस्त. रवांडातल्या उद्यानांच्या पर्यटन-उत्पन्नातला १० टक्के वाटा आसपासच्या वस्त्यांसाठी ठेवलेला असतो, त्यामुळे जंगल टिकण्यात गावकऱ्यांचाही फायदा असतो. याउलट थायलंडच्या माया बेमध्ये होड्यांना मोकळीक होती. प्रवाळाची इतकी नासधूस झाली की २०१८ मध्ये किनारा बंद करावा लागला आणि तो उघडायला २०२२ उजाडलं. तेव्हा जंगल, बेटं, प्रवाळ असा बेत असेल तर नियम पाळणारी टूर घ्या. पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

बेत जुन्या गावांचा असेल तर मात्र माझं मत दुसरीकडे झुकतं. तिथे आपण जे बघायला जातो, त्यातच माणसं राहत असतात. ऑस्ट्रियातल्या हॉलश्टाटची वस्ती आठशेच्याही आत, आणि गर्दीच्या दिवशी पर्यटक दहा हजारांपर्यंत. २०२३ मध्ये तिथे सेल्फीच्या लाडक्या जागेसमोर लाकडी कुंपणच उभं केलं होतं. ओरड झाल्यावर काढलं म्हणा. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ च्या सुमारास पावणेदोन लाख लोक राहत, आज पन्नास हजारही उरलेले नाहीत. २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून तिथे प्रवेशशुल्क घेतात. रात्री राहणाऱ्यांना ते माफ आहे (त्यांचा मुक्कामाचा कर वेगळा भरावा लागतो). या शुल्कानं गर्दी हटली का, यावर वाद आहे. पण कोणता पाहुणा शहराला कमी जड जातो, ते त्यातून कळतं.

आता ज्यामुळे माझं ठरलं ते सांगतो. माझी चौथी टूर होती. जागतिक वारसा यादीतलं तटबंदीचं एक शहर. नाव मुद्दाम देत नाही, आणखी चार बस तिथे जायला नकोत. शहराला वेळ पाऊण तास आणि त्यानंतरच्या दुकानाला सव्वा तास. तेही एक वेळ चालवून घेतलं असतं, टूर स्वस्तात कशी बसते हे आपल्याला ठाऊक असतं. मार्गदर्शक बाई हुशार होत्या. तारखा तोंडपाठ, विनोदही बेताचे. वेशीतून आत शिरल्यावर डाव्या हाताला एक जुनं लाकडी दार होतं. बाकी सगळी दारं सताड उघडी, हे एकच बंद, आणि कुलूप कोरं करकरीत. मी विचारलं, "हे बंद का?"

"खासगी आहे."

"पण मग कुलूप नवं कसं?"

बाईंनी झेंडी उंच केली. झेंडी हलली की चालायचं.

टूरमध्ये पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळतं, दुसऱ्याला वेळ नसतो. हे कारण फारच फुटकळ वाटेल, मलाही तेव्हा वाटलं होतं. पण घरी आल्यावर अकरा ठिकाणांपैकी फोटो न बघता आठवत होतं ते फक्त ते कुलूप. यात बाईंचा काही दोष नाही. चाळीस जणांचे दुसरे प्रश्न त्या ऐकत बसल्या असत्या तर आम्ही मध्यरात्री हॉटेलात पोचलो असतो.

मुक्कामातही कटकटी आहेत. हॉटेलात पंखा खडखडला तर खाली फोन करून ठणकावता येतं. कुणाच्या घरात तीच खडखड चार रात्री मुकाट्यानं ऐकावी लागते, कारण पैसे दिलेले असले तरी आपण पाहुणे असतो. उशिरा परतलो की चोरासारखं जिना चढायचं. एकदा दीड दिवस नुसता पाऊस पाहत बसलो, तेव्हा टूरची बस फार आठवली.

याहून मोठी अडचण म्हणजे घरगुती म्हणवणाऱ्या सगळ्याच जागा घरगुती नसतात. बार्सिलोनात पर्यटकांना घरं भाड्यानं देण्याचे दहा हजारांवर परवाने दिलेले आहेत. स्थानिकांना भाड्यानं घर मिळेनासं झालं, म्हणून २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत ते सगळे संपवण्याची घोषणा तिथल्या महापौरांनी केली. दारावरच्या आकड्यांच्या डबीतून किल्ली काढायची आणि यजमानाचं तोंडही दिसत नाही, अशी जागा म्हणजे कुणाला तरी हलवून रिकामं केलेलं घर असण्याची शक्यता बरीच. यजमान तिथेच किंवा शेजारी राहतात का, एवढं आधी विचारून घ्या. इटलीतल्या फ्रिउलीत १९७६ च्या भूकंपानंतर एक चांगली कल्पना निघाली, आल्बेर्गो दिफ्फुझो, म्हणजे गावभर विखुरलेलं हॉटेल. ओस पडलेली घरं दुरुस्त करून तिथे पाहुणे उतरवायचे, शेजारी गावकरी नांदत असतात. मी स्वतः तिथे राहिलेलो नाही, पण मधला मार्ग म्हणून बघण्यासारखा आहे.

आणि मुक्काम केला की "अस्सल" संस्कृती दिसते, असंही मी म्हणणार नाही. बालीचं केचक नृत्य घ्या. मुळात ते सांघ्यांग या, अंगात येण्याच्या विधीतलं पुरुषांचं समूहगान. १९३० च्या दशकात वाल्टर श्पीस हा जर्मन चित्रकार आणि वायान लिंबाक हा स्थानिक नर्तक यांनी ते पाहुण्यांपुढे सादर करण्याजोगं बसवलं. म्हणून ते खोटं ठरत नाही, आज ते बालीचंच आहे. पण १९७१ मध्ये तिथल्या जाणकारांनी एकत्र बसून नृत्यांचे तीन वर्ग पाडले: पवित्र, विधीच्या निमित्तानं होणारी आणि मनोरंजनाची. देवळातलं पर्यटकांच्या मंचावर येऊ नये, हा हेतू. काय दाखवायचं आणि काय आत ठेवायचं, ते त्यांनी ठरवलं. टूर घ्या नाहीतर महिनाभर राहा, ही रेघ आपल्यासाठी पुसली जात नाही. फक्त राहिल्यावर ती कुठे आहे, याचा अंदाज येतो.

मला तो कसा आला? दोन वर्षांनी त्याच शहरात परत गेलो. चार रात्री, वेशीपासून जवळच, एका बाईंच्या घरात वरची खोली. संध्याकाळी पाचनंतर बस निघून गेल्या की शहराचा आवाजच बदलायचा. लोक दारात खुर्च्या टाकून बसायचे, मुलं चौकात सायकली काढायची. तिसऱ्या संध्याकाळी बाईही खुर्ची टाकून बसल्या होत्या, तेव्हा दाराचा विषय काढला. त्या म्हणाल्या, पलीकडे गल्ली आहे, घरं आहेत. बसमधून उतरलेली माणसं सरळ आत यायची, खिडकीतून डोकवायची, वाळत टाकलेल्या कपड्यांपुढे उभं राहून फोटो काढायची. गल्लीतल्यांनी वैतागून कुलूप घातलं.

पर्यटकांबद्दल गावाचं मन कसं बदलत जातं याच्या चार पायऱ्या डॉक्सी नावाच्या अभ्यासकानं १९७५ मध्ये सांगितल्या होत्या: उत्साह, बेफिकिरी, चीड, वैर. गल्ली कितव्या पायरीवर होती ते विचारायचं धाडस मला झालं नाही. बाईंनीच उलट विचारलं, तुम्ही आधी कधी आला होतात? मी सांगितलं. "म्हणजे नुकतंच लावलं होतं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मागच्या अंगानं मला त्या गल्लीतून नेलं. कॅमेरा मी खोलीतच ठेवला होता.

तर जुन्या गावांचा बेत असेल आणि पाय धड असतील, तर माझ्या मते मुक्काम करावा, पण दोन रात्रींचा नको, निदान चार धरा. आईवडील बरोबर असतील तर टूरच बरी. मात्र एका जागी सलग तीन रात्री देणारी एखादी मिळते का, ते शोधा. अशा टूर असतात, थोड्या महाग पडतात.