नऊ महिन्यांनंतर: बीटलचे टायर नक्षी शाबूत असताना का बदलले

माझ्याकडे १९६७ची फोक्सवॅगन बीटल गाडी आहे, १३०० इंजिनाची. तिचे चारही टायर आणि स्टेपनी मी २०२४च्या मे महिन्यात बदलली. त्यानंतर नऊ महिन्यांत गाडी चार हजार किलोमीटरच्या वर चालली. त्यात भर पाऊस आला, दोन लांबचे प्रवास आले आणि पाच आठवडे एका जागी उभं राहणंही आलं. एवढं झाल्यावर लिहायला हरकत नाही.

जुन्या टायरांची नक्षी सहा मिलिमीटर शिल्लक होती. नवा टायर साधारण आठचा असतो आणि १.६ला तो बाद धरतात. म्हणजे घासण्याच्या हिशेबाने माझे टायर तिसरा हिस्सासुद्धा संपले नव्हते. याच हिशेबावर मी चार-पाच वर्षं ढकलली. वर्षाला हजारभर किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा टायर घासून कधी संपणारच नाही, हे डोक्यात यायला वेळ लागला.

टायरचं वय त्याच्या अंगावरच छापलेलं असतं. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे बघायचे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. बऱ्याच टायरांवर ही पूर्ण ओळ एकाच बाजूला असते. माझे टायर बसवणाऱ्याने नेमकी ती बाजू आत घातली होती. जमिनीवर पोतं अंथरलं, तोंडात टॉर्च धरला आणि चिखल अंगठ्याने खरवडला तेव्हा दिसलं: १८०९. २००९चा अठरावा आठवडा. पंधरा वर्षं.

स्टेपनीने तर कहर केला. तिच्यावर आकडे तीनच होते, ३४७, आणि पुढे एक छोटा त्रिकोण. चार आकडी पद्धत २००० पासूनची. त्याआधी वर्षाचा एकच आकडा असायचा आणि नव्वदच्या दशकासाठी तो त्रिकोण. म्हणजे १९९७. गंमत अशी की या गाडीत काच धुण्याचं पाणी स्टेपनीतल्या हवेच्या जोरावर उडतं. म्हणून दर महिन्याला न चुकता मी त्या सत्तावीस वर्षांच्या टायरात हवा भरत होतो. काच लख्ख राहिली पाहिजे ना!

गाडी झाकून ठेवली, कमी चालवली, म्हणजे टायर जपले, असं मीही धरून चाललो होतो. रबराचं तसं नसतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला सतत खात असतात, आणि ऊन व उष्णता त्याला घाई करतात. यावर उपाय म्हणून कारखान्यातच रबरात मेण आणि ओझोनरोधक मिसळलेले असतात. टायर फिरतो, दाबला जातो, तसे ते आतून पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीत हे जवळजवळ थांबतं आणि पृष्ठभाग उघडा पडतो. विजेच्या मोटरच्या ठिणग्यांतूनही ओझोन निघतो. माझ्या गॅरेजच्या कोपऱ्यात कॉम्प्रेसर आहे, मागच्या डाव्या चाकापासून दोन हातांवर. त्याच टायरला सगळ्यांत जास्त भेगा होत्या. योगायोग असेलही, पण कॉम्प्रेसर मी हलवला.

भेगा बाहेरून केसासारख्या होत्या. टायर रिमवरून उतरवल्यावर मी बाजूची भिंत हाताने वाकवली, तेव्हा त्या करकरीत आवाज करत उघडल्या आणि तळाशी धागा दिसला. मित्राकडे रबराचा कडकपणा मोजायचं ड्यूरोमीटर आहे. जुन्या टायरवर काटा ८२ला, नव्यावर ६३ला. नख रोवून बघितलं तरी फरक कळत होता.

आता चालवण्याबद्दल, कारण खरा धक्का तिथे बसला. ओल्या वळणावर माझ्या बीटलची शेपटी निसटायची. पाय ॲक्सिलरेटरवरून जरा पटकन काढला की मागचा भाग बाहेर. मी सगळ्यांना ऐटीत सांगायचो, इंजिन मागे, वर स्विंग ॲक्सल (म्हणजे मागची चाकं वर-खाली होताना तिरकी कलतात), हा या गाडीचा स्वभावच आहे, चालवणाऱ्याला हात पाहिजे. ओल्यात ब्रेक दाबला की पुढची चाकं लगेच जाम व्हायची, त्याचा दोष मी ड्रम ब्रेकना दिला होता. नवे टायर घातल्यावर पहिल्याच पावसात त्याच वळणावरून त्याच वेगात गेलो आणि काहीच झालं नाही. पुन्हा फिरून आलो. तरीही काही नाही. स्विंग ॲक्सल आहे तिथेच आहे, उगाच मस्ती केली तर आजही ती शेपटी फेकेल. पण मी गाडीचा स्वभाव म्हणून जे मिरवत होतो, त्यातला बराचसा भाग पंधरा वर्षांच्या कडक रबराचा होता. ब्रेकवर मात्र मी विनाकारण खर्च करून बसलो होतो.

माप १६५/८० आर १५ घेतलं, आर म्हणजे रेडियल, आजच्या गाड्यांना असतो तसा टायर. मूळ ५.६०-१५च्या व्यासाला ते बऱ्यापैकी जवळ जातं. रिम जुन्या, टायरची कड जागच्या जागी धरून ठेवणारा उभार त्यांना नाही, म्हणून आत रेडियलच्याच ट्यूब घातल्या. टायरच्या आतला कागदी स्टिकर आठवणीने काढायला लावा, तो ट्यूबला घासतो. ज्यांच्याकडे अजून क्रॉसप्लाय, म्हणजे आतले धागे तिरके असणारे जुन्या पद्धतीचे टायर आहेत, त्यांनी एका ॲक्सलवर एक क्रॉसप्लाय आणि एक रेडियल असं अजिबात करू नये.

तक्रारीही आहेत. पहिल्या खेपेला आलेल्या पाचांपैकी दोन टायर 'नवे' असूनही तीन वर्षांपूर्वीचे निघाले. परत पाठवले. आता तारीख वाचल्याशिवाय टायर रिमला टेकू देत नाही. बसवणाऱ्या पोराने सवयीने चारही चाकांत ३२ची हवा मारली आणि गाडी घरापर्यंत चेंडूसारखी उडत आली. हिला पुढे साधारण १८ आणि मागे २७ लागते, पुढे वजनच कुठे आहे! उभ्या उभ्या स्टिअरिंग वळवायला आता थोडं जड जातं. पाच आठवडे उभी राहिल्यावर सकाळी टायर एका बाजूला चपटे होऊन धपधप करत होते, दोन-तीन किलोमीटरमध्ये ते गेलं. जुन्या टायरांची ती धपधप दिवसभर जात नसे.

किती वर्षांनी बदलावेत? बऱ्याच गाडी कंपन्या सहा वर्षं म्हणतात आणि टायर कंपन्या जास्तीत जास्त दहा. सहा वर्षांचा, सावलीत राहिलेला, नियमित फिरलेला, मऊ टायर फेकून द्या असं मी म्हणणार नाही. माझ्यापुरतं ठरवलंय असं: पाचव्या वर्षापासून दरवर्षी चाक काढून आतली बाजू बघायची. फुगवटा, नक्षीच्या खाचेच्या तळाशी भेग किंवा बॅलन्सिंग करूनही न जाणारी थरथर, यांतलं एक जरी दिसलं तरी वय न विचारता बदलायचे. काहीच दिसलं नाही तरी दहाव्या वर्षी बदलायचे, स्टेपनीसकट. भर वेगात, तापलेल्या रस्त्यावर, माणसं भरून जायचं असेल तर मी आठव्या वर्षालाही थांबणार नाही, कारण नक्षीचा पट्टा सुटतो तो अशाच वेळी.

पाचही टायरांचे आकडे कागदावर लिहून बॉनेटच्या आतून चिकटवलेत. स्टेपनीत हवा भरायला बॉनेट उघडलं की ते आपोआप नजरेस पडतात.