ताऱ्यांच्या जन्माचा अभ्यास: दुर्बिणीचा डेटा की सिम्युलेशन?

डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास कास किंवा चाळकेवाडीच्या पठारावरून पूर्वेला मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं दिसतं. मृगाच्या पोटात लागलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपासून थोडं दक्षिणेला एक धुरकट ठिपका आहे. तिथं आत्ता तारे जन्माला येताहेत. (आत्ता म्हणजे सुमारे १३०० वर्षांपूर्वी. प्रकाशाला इथवर यायला तेवढा वेळ लागतो.)

सातारा-सांगलीत बीएस्सी फिजिक्स करणाऱ्या आणि याच विषयात पीएचडी करायचं मनात असलेल्या मुलामुलींपुढे दोन वाटा असतात. एक, दुर्बिणींचा डेटा घेऊन काम करायचं. दोन, अवकाशातला वायू-धुळीचा मेघ कोसळून तारा कसा होतो ते कॉम्प्युटरवर घडवून बघायचं. उपकरणं बांधण्याची तिसरी वाटही आहे, पण तिचा हिशेब वेगळा, म्हणून ती इथं बाजूला ठेवली आहे.

डेटाची वाट

आधी एक गैरसमज. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण जवळ आहे, तेव्हा सगळं तिथंच जमेल असं अनेकांना वाटतं. तिथं ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत आणि साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झच्या दरम्यान त्या ऐकतात. तारे मात्र १०-२० केल्विन तापमानाच्या रेणूंच्या मेघात बनतात. एवढ्या थंडीत हायड्रोजनचा रेणू जवळजवळ मुकाच असतो, म्हणून त्याच्यासोबत असणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडची ११५ गिगाहर्ट्झची रेषा मोजतात. ती जीएमआरटीच्या कानावर येत नाही. जीएमआरटीला दिसतो अणुरूप हायड्रोजन (२१ सेंटिमीटर) आणि नव्या जड ताऱ्यांनी आयनित केलेला वायू. जड ताऱ्यांवर प्रबंध करायचा तर ही दुर्बीण उत्तम. नव्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या तबकड्यांवर करायचा तर चिलीतल्या आल्मा या दुर्बीणसमूहाचा डेटा लागेल. निरीक्षण करणाऱ्यांसाठीचा साधारण वर्षभराचा राखीव काळ संपला की तो सगळ्यांना खुला होतो.

रोजचं काम म्हणजे नव्वद टक्के साफसफाई. रेडिओ निरीक्षणात आधी ३सी२८६ सारखा माहितीतला स्रोत घेऊन तीव्रतेचं माप बसवतात. मग दर अर्ध्या-पाऊण तासाने जवळच्या एका स्रोताकडे वळून लहरींची फेज (कला) तपासतात. त्यानंतर मोबाइल टॉवर आणि उपग्रहांनी बिघडवलेले तुकडे काढून टाकायचे आणि शेवटी प्रतिमा. नवखा माणूस इथं हमखास फसतो. दोन डिशमधलं सगळ्यात कमी अंतर सुमारे १०० मीटर असेल, तर २१ सेंटिमीटरला सुमारे सात आर्कमिनिटांपेक्षा (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक आर्कमिनिट) मोठी रचना प्रतिमेत येतच नाही. मेघाभोवती ऋण तीव्रतेचे काळे खड्डे दिसतात आणि ‘इथं वायू नाही’ असं लिहून टाकलं जातं. वायू असतो, दुर्बिणीला तो दिसत नाही एवढंच.

अवरक्त डेटात फसगतीची तऱ्हा निराळी. धुळीमुळे जास्तीचा अवरक्त प्रकाश देणारा ठिपका दिसला की तो नवा तारा धरतात. पण मागच्या दूरच्या दीर्घिका आणि म्हातारे फुगलेले तारेही तसेच दिसतात. त्यांना वगळल्याशिवाय मोजदाद केली, तर नव्या ताऱ्यांचा आकडा उगाच फुगतो.

सिम्युलेशनची वाट

इथं कच्चा माल म्हणजे समीकरणं: वायूचा प्रवाह, गुरुत्व, चुंबकीय क्षेत्र, प्रारण. जागेचे छोट्या चौकटींत तुकडे पाडून प्रत्येक चौकटीत ती सोडवायची. रामसेस, अरेपो, फ्लॅश हे त्यासाठीचे नेहमीचे कोड. सी किंवा फोर्ट्रान वाचता आलंच पाहिजे, नुसत्या पायथनवर भागत नाही.

हिशेब कसा चालतो तो बघा. १० केल्विन तापमान, एका घन सेंटिमीटरला दहा हजार रेणू. अशा वायूत जीन्स लांबी (गुरुत्व वायूच्या दाबावर मात करू लागतं तो आकार) सुमारे ०.२ पार्सेक येते आणि तेवढ्या गोळ्याचं म्हणजे जीन्स वस्तुमान साधारण तीन सूर्यांएवढं. म्हणजे यापेक्षा मोठा गोळा स्वतःच्या वजनानेच कोसळतो. कोसळताना घनता वाढते आणि जीन्स लांबी आखडत जाते. ती किमान चार चौकटींत मावली नाही, तर गोळ्याचे खोटे तुकडे पडतात आणि पडद्यावर झकास तारकागुच्छ तयार होतो, जो निसर्गात नसतोच. हा नियम १९९७ पासून माहीत आहे, तरी नवखे अजून त्यात अडकतात. म्हणून जिथं गरज असेल तिथंच चौकट बारीक करायची, आणि एका मर्यादेनंतर त्या जागी ‘सिंक’ कण, म्हणजे आजूबाजूचा वायू गिळणारा ताऱ्याचा प्रतिनिधी, ठेवायचा.

सगळीकडेच चौकट निम्मी केली, तर चौकटी आठपट होतात. वेळेची पायरीही निम्मी होते, म्हणजे एकूण काम सोळापट. २५६ च्या घनाला प्रत्येक चौकटीत घनता, वेग अशा आठ राशी धरल्या, तर एक गिगाबाइटच्या थोडं वर मेमरी लागते. ते घरच्या लॅपटॉपवर जमेल. ५१२ केलं की साडेआठच्या वर जातं आणि आठ जीबीचा लॅपटॉप तिथंच बसतो. दुसरं म्हणजे वीज. गावाकडे दुपारी लाइट जाते आणि बॅटरीचा काही भरवसा नसतो. तेव्हा दर अर्ध्या तासाला रीस्टार्ट फाइल (जिथं थांबलं तिथून पुन्हा सुरू करता येईल अशी नोंद) लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

मग फरक कुठं पडतो?

पावसाळ्यात इथल्या दृश्य-प्रकाशाच्या दुर्बिणी बंद राहतात, सिम्युलेशनला पावसाचं काही नाही. मात्र तिथं क्लस्टरवर, म्हणजे जोडलेल्या अनेक कॉम्प्युटरांवर, नंबर लागायची रांग असते. डेटावाल्याचा पहिला शोधनिबंध सहसा लवकर निघतो, कारण खुल्या डेटात पुरेसं काम पडून आहे. सिम्युलेशनमध्ये पहिलं वर्ष-दीड वर्ष कोड समजण्यात जातं. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढं संशोधन सोडावं लागलं, तर दोन्हीकडची कौशल्यं बाहेर चालतात: डेटावाल्यांना संख्याशास्त्र आणि मशिन लर्निंगची कामं, सिम्युलेशनवाल्यांना इंजिनिअरिंग गणनांची.

पैसा आणि वेळ दोन्हीकडे सारखाच. जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००. पीएचडीला पाच-सहा वर्षं, पुढं दोन-तीन वर्षांचे एक-दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या जागा). कायमच्या जागा थोड्या. म्हणजे पस्तिशीपर्यंत पक्की नोकरी नाही, असंच धरून चला.

आमचा कल स्पष्ट सांगायचा तर: एमएस्सीपर्यंत कोडिंग बेताचंच असेल, तर डेटाकडे जा. तिथली चूक प्रतिमेत डोळ्यांना दिसते. सिम्युलेशनमधली चूक सुंदर दिसते, म्हणून ती पकडायला गणिताचा पाया पक्का लागतो.

ठरवण्याआधी दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही करून बघा. गाया या अवकाश दुर्बिणीच्या डीआर३ या खुल्या यादीतून ८३.८२, −५.३९ या अंशांभोवतीचा (विषुवांश आणि क्रांती; ही सुरुवातीच्या त्या धुरकट ठिपक्याची जागा) अर्धा अंश उतरवा, टॉपकॅट या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि २.५ मिलीआर्कसेकंदांच्या आसपास पॅरॅलॅक्स (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा सरकल्यासारखी दिसते तो कोन, ज्यावरून अंतर निघतं) असलेले तारे वेगळे काढा. पॅरॅलॅक्सची चूक २० टक्क्यांहून जास्त असेल, तर त्याचा व्यस्त घेऊन अंतर काढू नका. धुळीत गाडलेले तारे यात येणार नाहीत, त्यासाठी २मास या अवरक्त सर्वेक्षणाची २.२ मायक्रॉनची यादी जोडा. दुसऱ्या आठवड्यात एकाच मितीतला वायूचा शॉक-ट्यूब (नळीत जास्त आणि कमी दाबाच्या वायूंमधला पडदा अचानक काढल्यावर काय होतं, हे गणित) सोडवणारा दीडशे ओळींचा कोड स्वतः लिहा आणि ज्ञात उत्तराशी ताडून बघा.

आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या दोन्ही संशोधन संस्था पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहेत. तिथं पहिलं वर्ष कोर्सवर्कचं असतं आणि मार्गदर्शक त्यानंतर ठरतो. त्यामुळे प्रवेशाच्या अर्जात एकाच वाटेची शपथ घ्यायची गरज नाही. मुलाखतीत मात्र त्या दीडशे ओळींतली एखादी ओळ अशीच का लिहिली, हे विचारलं जाऊ शकतं.